वैज्ञानिक वास्तववाद

विज्ञानातील परिपक्व उपपत्ती जगाचे निदान ढोबळमानाने खरे वर्णन करतात आणि त्यांत येणाऱ्या, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या वस्तू (इलेक्ट्रॉन, क्वार्क, विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र) खरोखरच अस्तित्वात आहेत, अशी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील भूमिका. समोरचे टेबल खरे आहे की स्वप्न, हा प्रश्न येथे नाही. टेबल खरे मानणाऱ्या दोघांतही हा वाद होऊ शकतो. खटका उडतो तो टेबल ज्यांचे बनले आहे असे सांगितले जाते त्या कणांवरून. विरोधकांपैकी साधनवादी उपपत्तीला केवळ हिशेबाचे साधन मानतात. आकडे जुळले, भाकीत बरोबर आले, की तिचे काम झाले. ती खरी की खोटी हे विचारण्यात त्यांच्या मते अर्थ नाही.

हा वाद छापील स्वरूपात १५४३ मध्येच सापडतो. सूर्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथाला आंद्रेआस ओसियांडर या धर्मोपदेशकाने स्वतःचे नाव न घालता एक प्रस्तावना जोडली. ही गृहीतके खरी असण्याची गरज नाही, संभाव्य असण्याचीही नाही. गणित निरीक्षणाशी जुळले की पुरे, असा तिचा सूर होता. खुद्द कोपर्निकसचे म्हणणे तसे नव्हते. पृथ्वी फिरते म्हणजे फिरतेच, असे तो मानत होता. प्रस्तावना कोणाची, हे केप्लरने १६०९ मध्ये उघड केले. ओसियांडरची खेळी ग्रंथाला धर्मसत्तेच्या रोषापासून वाचवण्याची होती हे खरे, पण त्याचा युक्तिवाद तेवढ्यावर निकालात निघत नाही.

भारतीय दर्शनांत हा प्रश्न प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, चर्चेतून येतो. कवडशात तरंगणारा धूलिकण, म्हणजे त्रसरेणू, दिसतो. दिसणारी वस्तू सावयव, म्हणजे भागांची बनलेली, असते. अवयवांची ही मालिका कोठेतरी थांबली पाहिजे, म्हणून निरवयव परमाणू मानला पाहिजे, असे न्याय-वैशेषिकांचे अनुमान आहे. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकांना ही वाटच बंद होती. अधिक धारदार हल्ला विज्ञानवादी (बाह्य वस्तू न मानता केवळ जाणीवच खरी मानणारे) बौद्ध आचार्य वसुबंधू यांचा: एका परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू भिडले तर त्याला सहा भाग मानावे लागतील, मग तो निरवयव कसा? न दिसणारी वस्तू नुसत्या तर्काने सिद्ध करू पाहणारा तर्कानेच अडचणीत येतो, हे येथे स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अणूंवरून पेटलेला वाद या विषयातला सर्वांत बोधप्रद प्रसंग म्हणावा लागेल. अणू मानून रसायनशास्त्र आणि वायूंचा गत्यात्मक सिद्धांत झपाट्याने पुढे गेले होते. तरीही व्हिएन्नातील भौतिकीविज्ञ व तत्त्वज्ञ एर्न्स्ट माख त्यांना सोयीची कल्पना यापलीकडे काही मानायला तयार नव्हता. अणूंची गोष्ट निघाली की ‘तुम्ही पाहिलाय का एखादा?’ असे तो विचारी, अशी आठवण सांगतात. रसायनज्ञ व्हिल्हेल्म ऑस्टवाल्ट याच्या मते ऊर्जेच्या भाषेत सगळे सांगता येत होते, मग अणू हवेत कशाला? लुडविग बोल्ट्समान मात्र अणूंच्या बाजूने जवळपास आयुष्यभर भांडला.

कोंडी फुटली ती प्रयोगशाळेत. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड चुळबुळ रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये नोंदवली होती. पाण्याचे रेणू कणाला सतत धडका देत असतील तर तो किती सरकेल, याचे सूत्र आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिले. पॅरिसमध्ये झाँ पेरँने १९०८ पासून त्याची कसोटी लावली. गॅम्बोज या रंगकामातल्या पिवळ्या राळेचे पाण्यात गोळे करायचे, अपकेंद्री यंत्रात ते पुनःपुन्हा फिरवून एकाच आकाराचे कण वेगळे काढायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली थराथराने मोजत बसायचे, असे ते काम होते. एक किलो राळेपासून काही महिन्यांच्या खटाटोपानंतर हाती आला तो ग्रॅमचा काही दशांश माल. पण त्याचे चीज झाले. वातावरणात वर जाताना हवेचा दाब साधारण ५.५ किलोमीटरला निम्मा होतो. पेरँच्या थेंबात कणांची संख्या दर ३० मायक्रॉनला जवळपास निम्मी होत होती. नियम तोच, फक्त ‘रेणू’ अवाढव्य आणि दिसणारे. या प्रमाणावरून एका मोलमधील (मोल हे पदार्थ मोजण्याचे रसायनशास्त्रातले ठरावीक परिमाण) रेणूंची संख्या काढता येते.

पेरँ तेवढ्यावर थांबला नाही. वायूंची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध), आकाशाचा निळेपणा, तप्त वस्तूचे प्रारण, किरणोत्सर्ग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या मार्गांनी तीच संख्या काढली असता उत्तरे ६ ते ७.५ गुणिले १० चा २३वा घात या टप्प्यात पडतात, हे त्याने दाखवले. रेणू नसतीलच तर इतक्या वेगवेगळ्या वाटा एकाच आकड्यापाशी का याव्यात? ऑस्टवाल्टने शस्त्रे खाली ठेवली, गणितज्ञ प्वँकारेनेही अणूंचे अस्तित्व मान्य केले. पेरँला १९२६ चे नोबेल मिळाले. माखचे मत मात्र पूर्णपणे वळले असे दिसत नाही.

पुढे तत्त्वज्ञांनी या एका विजयावरून सरसकट सिद्धांत रचायला घेतले आणि तेथे पाया डळमळतो. हिलरी पटनमने १९७५ मध्ये मांडलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे: उपपत्ती खऱ्याच्या जवळपासही नसतील तर विज्ञानाचे यश हा चमत्कारच ठरेल. लॅरी लॉडनने १९८१ मध्ये इतिहासच पुढे केला. उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे, त्याचे नाव कॅलरिक, असे धरून सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्मा-यंत्राच्या कमाल कार्यक्षमतेचा सिद्धांत काढला. सिद्धांत आजही टिकून आहे, कॅलरिक इतिहासजमा झाला. प्रकाशतरंग वाहून नेणाऱ्या ईथरचेही तेच. ऑग्युस्तँ फ्रेनेलच्या तरंग उपपत्तीनुसार वाटोळ्या चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा, असे प्वासाँने तिची खोड काढण्यासाठी दाखवले. आरागोने प्रयोग करून पाहिला तर ठिपका खरोखर होता. इतके धाडसी भाकीत खरे ठरवणाऱ्या चित्रातला ईथरही पुढे बाद झाला. तसेच आजच्या वस्तूंचे का होणार नाही, या शंकेला निराशावादी विगमन (मागच्या उदाहरणांवरून काढलेला सर्वसाधारण निष्कर्ष) म्हणतात.

यातून वाट काढताना जॉन वॉरलने १९८९ मध्ये फ्रेनेलकडेच बोट दाखवले. परावर्तित आणि अपवर्तित प्रकाशाच्या तीव्रतेची फ्रेनेलची समीकरणे मॅक्सवेलच्या विद्युत्‌चुंबकीय सिद्धांतातून जशीच्या तशी निघतात. ईथर गेला, समीकरणे राहिली. तेव्हा विज्ञानाला कळते ती जगाची संरचना, तिच्यात नांदणाऱ्या वस्तूंचे स्वरूप नव्हे, असा हा संरचनात्मक वास्तववाद. ही तडजोड आकर्षक आहे, पण संबंध कशाकशातले हे सोडून नुसते संबंध जाणणे म्हणजे नेमके काय जाणणे, याचे समाधानकारक उत्तर तिच्याकडे अजून नाही.

बास व्हान फ्रासेनने १९८० मध्ये वेगळीच रेघ ओढली. उपपत्ती निरीक्षणीय घटनांशी जुळते एवढे मानावे, त्यापलीकडच्या भागाबद्दल विश्वास राखून ठेवावा. गुरूचे उपग्रह दुर्बिणीतून दिसतात, पण जवळ गेलो तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतील, म्हणून ते निरीक्षणीय. मेघकोठीत (विद्युत्‌भारित कणाच्या वाटेवर बाष्पाचे थेंब जमतात अशा यंत्रात) रेघ उमटते, पण ती उमटवणारा कण कितीही जवळ गेले तरी दिसणार नाही. इयन हॅकिंगने यावर दिलेले उत्तर कारागिराचे आहे. अक्षरे घातलेली जाळी मोठी काढायची, छायाचित्रणाने लहान करत न्यायची, धातूत उतरवायची. डोळ्यांना ती दिसेनाशी होते. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तीच जाळी, तीच अक्षरे. आपणच बनवलेल्या वस्तूबद्दल यंत्र खरे सांगते, तर इतरांबद्दल खोटे का सांगेल? इलेक्ट्रॉनांबाबत तो आणखी पुढे जातो: ते फवारून दुसरे काही घडवता येत असेल तर ते खरेच आहेत. दूरच्या दीर्घिका कोणालाच फवारता येत नाहीत, ही या कसोटीची मर्यादा. तरी अस्तित्वाचा निवाडा घाऊक न करता एकेका वस्तूचा पुरावा पाहून करावा, हा तिच्यातला रोख प्रस्तुत लेखकाला योग्य वाटतो.

पुरावाही एकट्याने बोलत नाही, हे प्येअर द्युएमने १९०६ मध्ये दाखवून दिले होते. प्रयोग फसला तर जोडीने धरलेल्या अनेक गृहीतकांपैकी नेमके कोणते चुकले, हे तो सांगत नाही. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा फ्रेंच खगोलज्ञ ल व्हेर्येने न्यूटनचा नियम कायम ठेवून एक अज्ञात ग्रह कल्पिला आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले याला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतल्या, आजच्या मोजणीनुसार शतकाला ४३ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तफावतीवर ल व्हेर्येने हाच उपाय योजून व्हल्कन हा ग्रह सुचवला. तो कधीच सापडला नाही. येथे नियमच बदलावा लागला, १९१५ मध्ये, आइन्स्टाइनकडून.

कृष्णद्रव्याचा प्रश्न आज याच वळणावर उभा आहे. कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचा वेग दिसणाऱ्या वस्तुमानाला पेलणारा नाही, हे फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्ये नोंदवले. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सर्पिल दीर्घिकांच्या कडेचे तारेही अपेक्षेपेक्षा वेगाने फिरताना आढळले. बहुतेक संशोधक न दिसणारे द्रव्य मानतात. १९८३ मध्ये मोर्देहाय मिलग्रोमने गतीचा नियमच सुधारण्याचा पर्याय मांडला. गुरुत्वीय भिंगाचा परिणाम आणि विश्वाच्या आरंभीच्या प्रारणाचा नकाशा अशा स्वतंत्र वाटांनी द्रव्याच्या बाजूला बळ मिळाले आहे. त्याचा एखादा कण मात्र जमिनीखालच्या शोधयंत्रांत सर्वमान्य होईल अशा रीतीने अद्याप सापडलेला नाही.