आर्ट्स म्हणजे पाठांतर?
‘मार्क कमी पडले? मग आर्ट्सला टाका, पाठ करून निघेल.’ हा गैरसमज जुनाच. मुळात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं शिकवतात ती पुरावा आणि अंदाज वेगळे करायला. उदाहरण घ्या: घोड नदीकाठच्या इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने एका प्राचीन वस्तीचं उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली मोठ्या माणसांचे सांगाडे मिळाले, पावलं घोट्याखाली तोडलेली. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून? सुचतं पटकन हेच. पण तोडलेली पावलं हा पुरावा, भुताची भीती हा आपला तर्क. मग बाकीची दफनं बघायची: लहान मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आता मांडा तुमचा तर्क. गाईडमध्ये शोधू नका.