रुई आणि मांदार: रंगावर जाऊ नका

कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: जांभळट फुलाची ती रुई, पांढऱ्या फुलाचा तो मांदार. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालायची ती रुईची, आणि मुळाचा गणपती करायचा तो मांदाराचा. देवघरापुरतं हे ठीक आहे. पण झाड ओळखायचं असेल तर रंग हमखास फसवतो. आपल्या बांधावर, रस्त्याकडेला दिसणारी जांभळट रुई आणि पांढरा मांदार बहुतेक वेळा एकाच जातीचे असतात, कॅलोट्रॉपिस जायगँशिया. या एकाच जातीत दोन्ही रंगांची फुलं येतात.

खरी दुसरी जात वेगळीच आहे, कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. ती कोरड्या मुलखाची. थरचं वाळवंट, अरबस्तान, सहाराची कड, सगळीकडे ती रेतीत उभी असते. राजस्थानात तिला आक म्हणतात. जैसलमेरजवळ मी पहिल्यांदा तिच्यापुढे उकिडवा बसलो, तेव्हा वाटलं, ही तर आपलीच रुई. मग एक फूल हातात घेतलं आणि चूक कळली.

आपल्या रुईच्या पाच पाकळ्या पसरतात आणि टोकं मागे मुरडतात, त्यामुळे मधला मुकुट उघडा पडतो. आकच्या पाकळ्या उभ्याच राहतात, छोटी वाटी धरल्यासारख्या. बाहेरून पांढरट, आत टोकाशी गडद जांभळा ठिपका. पाच ठिपके एकत्र दिसतात तेव्हा ते फूल रेखीव काढल्यासारखं वाटतं. आकला गोडसर वास येतो, रुईला जवळपास नसतोच. कळ्याही पाहा: आकच्या गोल, रुईच्या लांबट आणि कडा असलेल्या. पानांवरून मात्र निवाडा करू नका. दोन्हीची पानं जाड, पांढुरक्या लवीची, देठाशिवाय खोडाला बिलगलेली असतात. याच जाडीमुळे आणि खोल मुळामुळे दोघी उन्हाळा काढतात.

मुकुटाकडे भिंग घेऊन पाहिलंत तर तासभर उठणार नाही. पराग इथे भुकटीसारखे नसतात. मेणचट पिवळ्या पिशव्यांची जोडी एका काळपट टिकलीला अडकलेली असते. काळा भुंगा मधासाठी येतो, त्याचा पाय फटीत अडकतो, तो जोर लावून ओढतो आणि ती जोडी पायाला चिकटून पुढच्या फुलावर जाते. मी हे दोन-तीनदाच पाहिलंय, पण प्रत्येक वेळी श्वास रोखून.

पानावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली, तीन जोड्या काळ्या शिंगांची अळी दिसली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. झाड तोडण्याआधी तिचा विचार करा. फळ उकललं की रेशमी केसांची म्हातारी उडते, ती दोन्ही जातींची सारखीच.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: फूल तोडल्यावर हात धुवा. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, नजर धूसर होते. माळ करताना मुलांना जवळ बसवत असाल तर विशेष जपा.

आकचं फूल पाहायचं तर गगनबावडा किंवा राधानगरीच्या पावसाळी बाजूला शोधत बसू नका. पूर्वेला निघा, पाऊस जिथे कमी होत जातो तिकडे. पंढरपूर, सोलापूरच्या वाटेवर झाडं दिसली की गाडी थांबवा, आणि रंग न पाहता आधी पाकळ्या उभ्या आहेत की मुरडलेल्या, ते पाहा.