उघाडीपासून जॉगिंग ट्रॅकपर्यंत

नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’भोवती पहाटे फेऱ्या मारणारे त्या पाण्याला तलाव म्हणतात. शहर आखणाऱ्यांच्या लेखी तो होल्डिंग पॉण्ड, म्हणजे धारण तलाव. मोठी भरती असली की खाडीची पातळी शहराच्या नाल्यांपेक्षा वर चढते आणि पावसाचं पाणी बाहेर पडू शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते थोपवून धरायला राखलेली ही जागा. ट्रॅक, बाकं, दिवे, झाडांच्या रांगा हे सगळं मागाहून आलं.

ठाणे आणि नवी मुंबईत पाण्याकाठी पळायच्या ज्या वाटा आज लोकांच्या आवडीच्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींचं असंच आहे. मिठासाठी, भातासाठी, रेतीसाठी किंवा नळाच्या पाण्यासाठी कुणाला तरी काठाकाठाने जावं लागत होतं, म्हणून वाट पडली. पुढे काम बदललं आणि वाट आपल्या पायाखाली आली. मी गेली काही वर्षं या वाटांवर पळतो आहे. त्या कुठून आल्या हे शोधत गेलो, तेव्हा त्या टिकतील की नाही याचं उत्तरही त्याच इतिहासात आहे असं जाणवलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये 18व्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा आणि माल वाहायला कालवे खणले गेले. होडी पाण्यात आणि ती दोराने ओढणारा घोडा काठावर, म्हणून प्रत्येक कालव्याला घोड्याची वाट असे. तिला टोपाथ म्हणत. रेल्वे आली, माल तिकडे गेला आणि सपाट, सावलीची वाट मागे उरली. अमेरिकेतल्या चेसापीक-ओहायो कालव्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तो 1924मध्ये बंद पडला. पुढे त्याच्या जागेवरून मोटाररस्ता नेण्याचा बेत होता. 1954मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी रस्त्याची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांनाच बरोबर चालायला बोलावलं आणि स्वतः जवळपास 300 किलोमीटरची ती वाट पायी पुरी केली. 1971मध्ये तिचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. 1963पासून होणाऱ्या जेएफके या 50 मैलांच्या शर्यतीतले सुमारे 42 किलोमीटर आज याच वाटेवर पळतात. वाट वाचली, कारण कुणीतरी तिच्यावरून चालून तिची बाजू मांडली.

आपल्या जिल्ह्यात घोड्याने ओढायच्या होड्या नव्हत्या. शेतीच्या कालव्यांच्या कडेच्या वाटा मात्र आहेत. शहापूर तालुक्यात भातसा धरणाचा उजवा कालवा घ्या. मोठ्या कालव्याच्या एका काठावर जीप जाईल एवढा रस्ता ठेवलेला असतो, पाटकऱ्याने आणि अभियंत्याने गळती पाहत फिरावं म्हणून. डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जाणारा कालवा जवळपास एकाच उंचीवर राहतो, किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटिमीटर उतरतो. काठाने पळणाऱ्याला चढ लागत नाही तो यामुळे. पहिल्यांदा लांब पल्ल्याचं धावायला शिकणाऱ्याला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

खाडीकाठाचं प्रकरण याहून जुनं आणि गुंतागुंतीचं आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या उत्तरेला येते. तिथे तिचं मुख्य पाणी वसईच्या खाडीकडे वळतं आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला मिळतो. म्हणून ठाण्याच्या खाडीत नदीचा जोर कमी आणि भरती-ओहोटीचा अंमल जास्त. दिवसातून दोनदा पाणी चिखलावर चढायचं, दोनदा उतरायचं. या चिखलाला खाजण म्हणतात. ते बांध घालून अडवलं की दोन गोष्टी करता येत: आत खारं पाणी घेऊन उन्हात मीठ पिकवायचं किंवा खारं पाणी बाहेर ठेवून पावसावर भात घ्यायचा. मिठाच्या आगरावरून आगरी समाजाचं नाव आलं असं मानतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या गावांत कोळ्यांच्या होड्या आणि आगऱ्यांची खाचरं शेजारी शेजारी होती.

हा बांध म्हणजे माती, दगड आणि रोजची नजर. खेकडे त्यात बिळं करतात, त्या बिळांतून पाणी पाझरतं आणि एखाद्या उधाणाला खांड पडते. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते मीठ धुऊन निघायला कित्येक पावसाळे जातात. म्हणून बांधावरून फिरणं हे रोजचं काम होतं आणि उधाणाच्या रात्री तर घाईचं. या बांधांवरून पळणारा पहिला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, कंदील घेऊन खांड पडली का ते बघायला निघालेला राखणदार.

बांधाला जागोजागी उघाड्या असत. उघाडी म्हणजे बांधातली दारं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यांतून खाडीत पडायचं आणि भरती आली की खाडीच्याच पाण्याचा दाब दार घट्ट मिटवायचा. या बांधांभोवती जमिनीचा वेगळा कायदाही घडला. शिलोत्री नावाच्या पद्धतीत बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदारावर असे आणि त्याबद्दल त्याला शेतकऱ्यांकडून मोबदला मिळे. स्वातंत्र्यानंतर 1948च्या आणि मग 1979च्या खारजमीन कायद्यांनी हे काम सरकारकडे नेलं. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल’ नावाचे भाताचे वाण तिथलेच.

मग शहर आलं. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर जुळं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965मध्ये मांडली. 17 मार्च 1970ला सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि 95 गावांतली, सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. त्यात भाताची खारजमीन होती, मिठागरं होती, कुणाची तरी चार पिढ्यांची मेहनत होती. मोबदल्यासाठीचा लढा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारी 1984ला उरणजवळच्या जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. खाडीकाठच्या सुंदर वाटांबद्दल बोलताना हे वगळून चालणार नाही, कारण ज्या सपाट जमिनीवर आपण पळतो ती निसर्गाने सपाट केलेली नाही, बांध घालून ती सपाट केली ती माणसं याच गावांतली होती.

बांध गेले तरी बांधाचं काम काही संपलं नव्हतं. सखल जमीन तशीच होती, उधाणाची भरती तशीच होती, फक्त आत भाताऐवजी सेक्टर आले. उत्तर म्हणून नवी मुंबईत नेदरलँड्समधल्या पद्धतीचे धारण तलाव केले गेले. पावसाळी नाले तलावात, तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा. भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते. नेरुळ, वाशी, बेलापूर जिथे जिथे तुम्ही पाण्याभोवती फेरी मारता, तिथे ती झडप बघा. उघाडीचंच तत्त्व आहे, फळीच्या जागी लोखंड आलं एवढाच फरक.

वाशी ते बेलापूर सुमारे 10 किलोमीटरचा पाम बीच रस्ताही याच रचनेत बसतो. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि खाडी. पळणाऱ्यांना तो फार मोहवतो आणि रविवारी पहाटे तिथे गर्दीही असते. तरी मी नवख्याला तिकडे जायला सांगत नाही. गाड्या तिथे फार वेगाने येतात. त्यापेक्षा सारसोळेला जेट्टीकडे उतरणारी छोटी वाट किंवा वाशीचा सागर विहार बरा. तिथे अजून जाळी सुकत असतात आणि होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. पहाटे खाडीतून परतणाऱ्या माणसाचा रस्ता आपण वापरतो आहोत एवढं भान ठेवलं आणि बाजूला सरकून त्याला आधी जाऊ दिलं, की झालं.

ठाण्याच्या बाजूला वाटा वेगळ्या कामातून आल्या. घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. गायमुख, कोलशेत, नागला ही खाडीकाठची ठाणी जलवाहतुकीच्या काळातली. पारसिकच्या रेतीबंदराचं तर नावच काम सांगतं. हातपाटीवाले खाडीत बुडी मारून रेती वर काढत, होड्या भरून ती बंदरावर येई आणि मुंबई-ठाण्याच्या इमारतींत जाई. पुढे सक्शन पंप आले आणि किनारा खचू लागला. डोंगर आणि खाडी यांच्यामधली ही पट्टी मुळातच चिंचोळी. 1854मध्ये रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली तेव्हा रूळही याच कडेने नेले, पारसिकचा बोगदा 1916मध्ये झाला. धिम्या लोकल मुंब्र्याजवळ अजूनही खाडीला लगटून जातात. आता महापालिकेने गायमुख, कोलशेत, कोपरी, रेतीबंदर अशा ठिकाणी खाडीकिनारे फिरण्या-पळण्यासाठी बांधायला घेतले. मासुंदा आणि उपवन तलावांभोवतीच्या फेऱ्या सगळ्यांच्या ओळखीच्या, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आणखी एक वाट आहे, तिला कुणी निसर्गरम्य म्हणत नाही: पाइपलाइन रोड. 1892चं तानसा धरण मुंबईसाठी बांधलं गेलं आणि त्याच्या नळांना ठाण्यातून मार्ग मिळाला. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीने काटईमार्गे औद्योगिक पट्ट्याकडे आणलं. नळ दुरुस्त करायला शेजारी रस्ता लागतोच. बदलापूरकडच्या टप्प्यात पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची रोपं आणि मधून काळा नळ असा तो रस्ता धावतो. मला तो आवडतो.

आता या वाटांपुढचा खरा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने 2005मध्ये कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, तोडायला मनाई केली आणि 2018च्या अंतिम निकालात ती कायम ठेवली. हा निर्णय योग्यच होता. त्याच्याशिवाय या खाडीचे काठ आज भरावाखाली असते. पण दुसरीकडे धारण तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला, गाळावर तिवरं उगवली आणि ती तोडता येत नाहीत म्हणून गाळ काढणं अडलं. तलाव उथळ होतो तसा तो कमी पाणी धरतो आणि पावसात शेजारच्या सेक्टरमध्ये पाणी चढतं. तिवरं की गाळ, असा झगडा लावून देण्यापेक्षा पाण्याचा मधला प्रवाह आणि झडपेचं तोंड मोकळं ठेवून काठची झाडी राखावी, असं मला वाटतं. त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल, तर ती घ्यावी.

उलटी चूकही झाली आहे. नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी आत-बाहेर व्हायला हवं. 2024च्या उन्हाळ्यात ते येणं अडलं, तळं आटत गेलं आणि फ्लेमिंगो मेले. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य 2015मध्ये घोषित झालं, 2022मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि भरतीला हे पक्षी जिथे थांबतात ती तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर शहरात आहेत. बांध राखणाऱ्या जुन्या माणसाला पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी बाहेर सोडायचं हे कळत होतं. आज तो निर्णय कागदावर कुणाचा आहे, हेच पाण्याकाठी राहणाऱ्याला ठाऊक नसतं.

मी आता भरतीचं वेळापत्रक बघून निघतो. ओहोटी सुरू झाल्यावर तासाभराने तलावाच्या खाडीकडच्या टोकाला गेलं तर झडप उघडलेली सापडते आणि शहराचं पाणी खळखळत बाहेर पडताना ऐकू येतं. ज्या पहाटे ते ऐकू येत नाही, त्या पहाटे मी थांबतो, फोटो काढतो आणि वॉर्ड कार्यालयात तक्रार टाकतो.