शालेय निबंध आणि शिकवणी : पार्श्वभूमी
मुलांना नीटनेटका निबंध लिहिता यावा म्हणून पालक आज शिकवणी लावतात. परंतु मुलाने आपले विचार परिच्छेद पाडून मराठीत मांडावेत, ही अपेक्षाच फार जुनी नाही. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे, पाढे, मोडी वाचन आणि पत्रांचे मायने यांवर भर असे, आणि मोडीत तर विरामचिन्हेही नसत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये आणि मेजर कँडी यांची विरामचिन्हांवरील पुस्तिका 1850 मध्ये आली, त्यानंतर वाक्य कोठे संपते हे कागदावर दाखवण्याची शिस्त रुजू लागली.

मराठीतील शालेय निबंधाचा विचार करताना एका विद्यार्थिनीकडे वळावेच लागते. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद जर केवळ ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती विचारते. मग पेशवाईतील अत्याचार आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते, आणि आपल्याच लोकांना शिकण्याचे आवाहन करते. प्रश्न, पुरावा, आवाहन ही मांडणी एखाद्या साच्यातून आलेली नाही. सांगण्यासारखे काही मनात होते आणि ते लिहून घेणारी शाळा मिळाली, म्हणूनच ती साधली, असे मला ठामपणे वाटते.

पुढे 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत तिचे 84 अंक काढले. मराठी गद्यात युक्तिवाद कसा बांधावा याचा तो वस्तुपाठच ठरला. शाळेतील निबंधाला मात्र वेगळे वळण लागले. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली, पहिली मॅट्रिक 1859 मध्ये घेण्यात आली, आणि शालेय अभ्यासाचे माप हळूहळू परीक्षा हेच झाले. पुढच्या काळात गाईडे आली, 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' तयार मिळू लागले, आणि वर्गात पन्नास-साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या कच्च्या खर्ड्यावर बोलायला सवड उरली नाही. ती सवड शिकवणीत मिळू शकत होती, पण शिकवणीनेही पुष्कळदा पाठांतराचीच वाट धरली, ही खेदाची गोष्ट आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 28 ने शिक्षकांना खाजगी शिकवण्या घेण्यास मनाई केली. त्यामुळे वर्गात शिकवणारा आणि शिकवणीत वही पाहणारा, या दोन व्यक्ती वेगळ्या असणे कायद्यालाच अभिप्रेत आहे. दरम्यान दहावीच्या मराठीत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे प्रकार विचारले जाऊ लागले. यांतल्या प्रसंगलेखनात दिलेल्या मुद्द्यांना किंवा चित्राला धरूनच लिहावे लागत असल्याने पाठ केलेला निबंध तेथे फारसा कामाला येत नाही.

चांगल्या शिकवणीत म्हणूनच मूल आधी बोलते. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय असेल तर शिक्षक त्याला त्याच्याच गल्लीत काय काय घडले ते विचारतात, उत्तरांतले शब्द फळ्यावर सुटे लिहितात आणि कोणते शब्द एका परिच्छेदात जातील हे त्यालाच ठरवू देतात. खर्डा झाला की मूल तो मोठ्याने वाचते. जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडायचे, जेथे ऐकणारा गोंधळतो तेथे एखादे वाक्य वाढवायचे, आणि ही दुरुस्ती शिक्षकाच्या लाल शाईने न होता मुलाच्याच पेन्सिलीने व्हायची.