पीएसए करायची का नको, हा घोळ आला कुठनं

आजकाल कोल्हापुरात फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं की पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या रिपोर्टात टोटल पीएसएची (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतनं रक्तात येणारं प्रथिन, ते वाढलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय घेतात) एक ओळ हमखास असते, शेजारी 'नॉर्मल 0 ते 4' छापलेलं, आणि आकडा पाच-सहा आला की तो ठळक अक्षरात. मग तो कागद पुण्याच्या जावयाला व्हॉट्सअ‍ॅप होतो, एक डॉक्टर म्हणतो बायप्सी करा, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासा, दुसरा म्हणतो या वयात कशाला, आणि घरचे मधल्या मधे लटकतात. दोघांच्या म्हणण्याला जुना इतिहास आहे.

फार जुनं सांगत बसत नाही. 1941 ला कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, त्यातनं उपचार निघाला, पण आधी ओळखायचा कसा हे काही सुटलं नाही. गुदद्वारातनं बोट घालून ग्रंथी तपासायची, नाहीतर रक्तातली एक टेस्ट होती, ती बहुतेक वेळा आजार हाडात गेल्यावरच वाढायची.

पीएसए आली ती खरं तर ज्यांना कॅन्सर झालाय हे आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेत 1986 ला परवानगी मिळाली ती उपचारानंतर आजार परत येतोय का बघायला. धडधाकट माणसाची तपासणी म्हणून, तीही बोटाच्या तपासणीसोबत, परवानगी 1994 ला मिळाली, तोवर लोकांनी धडाधड करायला सुरुवात केलेलीच होती. आणि ते 4 म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ नव्हे, निरोगी पुरुषांचं रक्त मोजलं आणि जवळपास सगळे ज्याच्या खाली सापडले तो आकडा. 4 ते 10 च्या मधल्यांची बायप्सी केली तर साधारण चारातल्या एकालाच कॅन्सर सापडतो, बाकीच्यांची ग्रंथी वाढलेली नाहीतर लघवीत इन्फेक्शन. उलट 2004 ला एका मोठ्या अभ्यासात 4 च्या खाली असलेल्यांचीही बायप्सी केली, तर शंभरात साधारण 15 जणांत कॅन्सर निघाला. म्हणजे पास-नापास असं काही नाहीच.

खरी भांडणं 2009 पासून. त्या वर्षी दोन मोठे अभ्यास एकदम आले. युरोपातला म्हणाला तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले, पण एक मृत्यू टाळायला 48 जास्तीच्या माणसांवर उपचार करावे लागले, आणि त्या उपचारात लघवीवरचा ताबा जाणं, लैंगिक ताकद जाणं हे आलंच. अमेरिकेतला म्हणाला काहीच फरक नाही. आता त्या अमेरिकन अभ्यासात ज्यांची टेस्ट करायची नव्हती त्यातल्या बहुतेकांनी बाहेर परस्पर करून घेतली होती, मग फरक दिसणार कसा? तरीपण 2012 ला तिथल्या तज्ज्ञ समितीनं सांगून टाकलं की कुठल्याच वयात तपासणी म्हणून पीएसए करू नका. पुढं तिथं आजार पसरलेल्या अवस्थेत सापडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि 2018 ला समिती वळली: 55 ते 69 वाल्यांनी डॉक्टरशी बोलून ठरवा, 70 नंतर नको.

माझं मत विचाराल तर 2012 चा निर्णय तिथल्यापुरता एकवेळ समजू शकतो, कारण तिथं दरसाल टेस्ट करून नको तेवढे कॅन्सर शोधत होते. पण आपल्याकडं त्यातलं 'करू नका' एवढंच आलं, आणि तेही जिथं कुणी करतच नव्हतं तिथं. राधानगरी-भुदरगडकडनं येणारा म्हातारा लघवी तुंबल्यावर येतो, नळी घातलेली, लघवीची पिशवी बाजाराच्या पिशवीत लपवलेली, आणि कंबर दुखतीय म्हणून सहा महिने मलम चोळलेलं. धार बारीक होणं, रात्री चार-चारदा उठणं हे बहुतेकदा साध्या ग्रंथीवाढीचं असतं, सुरुवातीच्या कॅन्सरला बऱ्याचदा लक्षणच नसतं, पण लघवीतनं रक्त किंवा न थांबणारं हाडाचं दुखणं म्हणजे वाट बघायची नाही. हे लक्षणवाल्याचं झालं, तो सगळा वाद लक्षण नसलेल्यांचा होता, आणि ही गल्लत आपल्याकडं डॉक्टरसुद्धा करतात.

दरम्यान बायप्सीचा धाकही कमी झालाय. 2017 ला दिसलं की आधी एमआरआय केला तर साधारण पाव लोकांची बायप्सी वाचू शकते. सौम्य कॅन्सर सापडला तर लगेच ऑपरेशन न करता पीएसए, एमआरआय, गरजेला परत बायप्सी करत नजर ठेवायची पद्धतही रुळलीय, 2023 ला आलेल्या 15 वर्षांच्या निकालात नजर, ऑपरेशन, रेडिएशन तिन्ही गटात या आजारानं दगावलेले शंभरात तीनच्या आसपास.

सरकारी तपासणीत आपल्याकडं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड आहे, प्रोस्टेट नाही. त्यामुळं इथं ठरवतं कोण, तर पॅकेज आणि मंडळाचं शिबिर. घरात वडलांना किंवा भावाला झालाय का हे तिथं कुणी विचारत नाही, असेल तर हा विषय पंचेचाळिशीतच काढायला हवा. ग्रंथीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालूय का हेही नाही, आणि ती सहा महिने-वर्षभर घेतली की पीएसए निम्म्यावर येतं, म्हणजे रिपोर्टात 3 छापलेला माणूस खरा 6 चा असतो आणि खुशीत घरी जातो.