पिकलबॉल: नेटजवळचा हळू शॉट एवढा जड का जातो

सांगलीत पिकलबॉल, म्हणजे पॅडलने (छोट्या सपाट बॅटने) भोकांचा प्लास्टिक बॉल नेटवरून मारायचा खेळ, शिकायला येणारे बरेचजण बॅडमिंटनवाले असतात. कोर्ट तेच ना, 20 बाय 44 फूट, डबल्सचं बॅडमिंटन कोर्ट असतं तेवढंच, त्यामुळे वाटतं जमेल आपल्याला आणि मग मनगट फिरवून सटासट मारायला लागतात, बॉल एकतर नेटमधे नाहीतर थेट समोरच्याच्या पॅडलवर. पण पॉइंट मिळतात ते नेटपाशी हळू खेळून, आणि ते का हे एकदा कळलं की हात बराच शांत होतो.

नेटच्या दोन्ही बाजूंना 7 फुटांचा पट्टा असतो, किचन म्हणतात त्याला. त्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नाही, टप्पा पडू द्यायचा. आता टप्पा बघा. नियमात असं आहे की बॉल 78 इंचांवरून ग्रॅनाइटवर सोडला तर 30 ते 34 इंचच उसळला पाहिजे, म्हणजे उंचीच्या साधारण 40 टक्के. तुमचा बॉल 40 इंचांवरून नेट ओलांडून किचनमधे पडला तर वर येणार 16 इंच, आणि नेट मधोमध 34 इंच आहे! म्हणजे समोरच्याला तो खालूनच उचलावा लागणार, स्मॅशचा विषयच नाही. या हळू शॉटलाच डिंक (dink) म्हणतात.

वेग किती ठेवायचा? 40 इंचांवरून खाली यायला साधारण 0.45 सेकंद लागतात, तेवढ्यात बॉल 7 फुटांपुढे जायला नको, म्हणजे नेटवरून जाताना ताशी 17 किलोमीटरच्या आसपास, आयर्विन पुलावरून निवांत सायकल चालवतो तेवढाच. बॉल नेटच्या आधीच, आपल्या बाजूला सगळ्यात उंच गेला तर अजून सेफ, कारण नेटवर येईपर्यंत तो उतरायला लागलेला असतो.

हाताचं सगळ्यात महत्त्वाचं. बॉल पॅडलला टेकतो तो काही मिलिसेकंदच आणि आपल्याला बघून हात हलवायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे टेकल्यावर काही सुधारता येत नाही, हालचाल आधीच साधी पाहिजे. मनगट हलवू नका, खांद्यातून हळूच ढकला, पॅडलचं तोंड जरा वर, बॉल शरीराच्या पुढे घ्या, गुडघे वाकवा. पकड घट्ट केली की कोपरापर्यंत हात ताठ होतो आणि ढकलायच्या जागी फटका बसतो.

नवीन असाल तर तिरकाच मारा. किचनच्या रेषेपासून समोरच्या रेषेपर्यंत सरळ 14 फूट आहेत, कोपऱ्यातून कोपऱ्यात 24 च्या वर, शिवाय कडेला 36 इंच असलेलं नेट मधे 2 इंच खाली असतं, एवढी सूट फुकट मिळतेय तर घ्या की.

पार्टनर नसला तर पार्किंगच्या भिंतीवर खडूने 34 इंचांवर रेघ मारा, 7 फूट मागे उभे राहा, रेघेच्या वर वीतभर जागेतच बॉल लागला पाहिजे, आणि परत येताना एक टप्पा पडू दिल्याशिवाय मारायचा नाही.