गुडघा बदलल्यावर पाण्यात का उतरवतात?

गुडघा बदलला की सगळं झालं, असं घरच्यांना वाटतं. सांध्यातला झिजलेला भाग जातो हे खरं, पण चालायला लावायचं म्हटलं की मांडीचा पुढचा मोठा स्नायू हात वर करतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याहून जास्त घटलेली असते. एवढ्या थोड्या दिवसांत स्नायू काही इतका वाळत नाही. सांध्यात सूज आली, पाणी साचलं, की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि तिथूनच या स्नायूला आवर घातला जातो. पेशंट सांगत असतो, "उचलायचाय हो, पण उचलतच नाही पाय," आणि नातेवाईक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात.

पाण्यात वजन हलकं होतं, हे शाळेतल्या आर्किमिडीजपासून आपल्याला ठाऊक आहे. सत्तरएक किलोच्या बाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या, तर पायांवर साधारण 35 किलोच भार येतो. छातीइतक्या पाण्यात 20 ते 25. मला मात्र पाण्याचा दाब जास्त मोलाचा वाटतो. छातीइतक्या पाण्यात गुडघा सुमारे 70 सेंटीमीटर खोल असतो आणि तिथे पाऱ्याच्या 50 मिलिमीटरइतका दाब पडतो. घोट्याशी तो 75 च्या आसपास जातो. सुजेसाठी देतात त्या घट्ट मोज्यांचा दाब बहुधा 20 ते 30 असतो. पाण्याचा दाब खाली जास्त, वर कमी, त्यामुळे पायात साचलेलं पाणी वरच्या दिशेने सरकतं. सूज उतरली की स्नायूवरचा आवरही सैल पडतो.

नागपूरच्या एका फिजिओथेरपी सेंटरमधल्या टाकीत एक आजी दांडा धरून चालत होत्या. "काकू, आधी टाच टेकवा, मग बोटं," काठावरून फिजिओ सांगत होती. "टेकवून तर राहिली ना बाप्पा!" आजींनी सुनावलं आणि तावातावाने पाय पुढे रेटला. पाण्याने तो लगेच अडवला. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा जवळपास चौपट होतो. दुखलं म्हणून थांबलं की अडथळाही तिथेच संपतो. डंबेल्सचं तसं नसतं.

पाणी कोमट हवं, 33 ते 35 अंश. पोहण्याच्या तलावाचं पाणी साधारण 26 ते 28 अंश ठेवतात, आणि आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास आला की उघड्या तलावात स्नायू आखडतात. मे महिन्यात उलटी गत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, तसल्या पाण्यात व्यायाम केला तर चक्कर यायची.

जवळपास अशी सोय नसेल तर हळहळण्याचं कारण नाही. ऑस्ट्रेलियातल्या 2009 च्या एका अभ्यासात 102 रुग्णांना ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी काहींना पाण्यात, काहींना जमिनीवर, असा सहा आठवडे व्यायाम दिला. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच झाली. ज्यांना जमिनीवर पाऊल टाकायचीच धास्ती वाटते, वजन जास्त आहे किंवा दुसराही गुडघा कुरकुरतो, त्यांना पाण्याचा आधार घ्यायला मी नक्की सांगेन. शेवटी जिना जमिनीवरच चढायचा असतो, त्यामुळे खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव कोणालाच चुकत नाही.

जखम पूर्ण भरल्याशिवाय आणि सर्जननी हो म्हटल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ शकते. हृदय कमजोर असेल तर आधी विचारावंच. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे येतं आणि हृदयाचं काम वाढतं.

आणि बाहेर येताना घाई नको. पायरीगणिक अंगाचं वजन परत येतं, फरशी ओली असते. दांडा धरून, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.